अर्धा चिरा

जयराम तावडेच्या पिकपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची सीट कोणाची, हे आमच्या नांदगाव तिठ्यावर नव्या माणसालाही विचारावं लागत नसे. ती विमलावहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची. कोणी घाईत त्या दाराला हात घातलाच तर जयराम मान न वळवता सांगायचा, "मागे बस रे, थंय माणूस आसा." माणूस अजून पोचलेलं नसे, पिशवी सावरत मागून येत असे, पण सीट भरलेली.

त्या तिठ्यावर, जरा चढणीवर, माझं किराणा दुकान आहे. दुकान म्हणजे बसल्या जागी गाव बघण्याची सोय. माझ्या उजव्या हाताला गुरुप्रसादचं टायरचं दुकान आणि त्याचं सपाट अंगण, समोर रिक्षा लागतात. लोक म्हणतात, आबाचं गिऱ्हाइकापेक्षा रस्त्यावर लक्ष जास्त. म्हणोत. गिऱ्हाईक परत येतं, रस्त्यावरचं एकदा हुकलं की हुकलं.

जयराम तसा मुद्दाम बघावा असा माणूस नव्हे. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत. आता हा काहीतरी सांगणार म्हणून आपण खुर्ची ओढून बसावं, तोवर याचं सांगून संपलेलं असतं. उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे टेम्पो कोल्हापूरला नेण्याआणण्यात गेली. स्वतःची गाडी झाली ती बऱ्याच उशिरा. पुढे काचेवर 'श्री देव रवळनाथ प्रसन्न', मागे फाळक्यावर मुलीचं नाव, 'अक्षया'. भात, आंब्याच्या पेट्या, काजूची बी, लग्नाची भांडी, जो जे सांगेल ते हा पोचवणार. पण हौस म्हणून स्वतःसाठी काही घेतलेलं मला आठवत नाही. अंगावरचे शर्टसुद्धा जावयाने दिलेले.

अक्षया लग्न होऊन कुडाळला गेली आणि घरात दोघंच उरली. जयराम सकाळी गाडी काढायचा तो दिवेलागणीला परत. मधला सगळा दिवस वहिनी भिंतींशी बोलणार. एकदा ती म्हणाली, "घर खावक उठता. मी येव काय तुमच्या वांगडा?" हा म्हणाला, "चल." त्या दिवशी ती गाडीत बसली ती बसलीच.

नुसती बसायची नाही हं. गाडी मागे घेताना "इवंदे, इवंदे" ती ओरडणार, मालावरची दोरी ती आवळणार, आणि दगड तर तीच लावणार. आमच्याकडे चढ-उतार सोडला तर रस्ता म्हणून काही उरत नाही, आणि भरल्या गाडीच्या हँडब्रेकवर शहाणा माणूस विसंबत नाही. वहिनीच्या सीटखाली चिऱ्याचा एक तुकडा असे. चिरा म्हणजे आमचा जांभा दगड, ज्याची आम्ही घरं बांधतो तो. गाडी चढणीवर थांबली की जयराम ब्रेक दाबून बसायचा. वहिनी तुकडा घेऊन उतरायची, मागच्या चाकाला लावायची आणि दारावर दोनदा थाप मारायची. मग याने पाय काढायचा. थाप ऐकल्याशिवाय त्याने पाय काढलेला मी पाहिला नाही. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "जयराम, तुज्या गाडयेचो हँडब्रेक झॅक आसा रे, पदर घेता." तो लाजला, वहिनी मात्र खळखळून हसली.

मग ही मोठ्या चाकांची भानगड निघाली. लागोपाठच्या पावसांत सड्यावरची वाट धुऊन गेली. सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचा उघडा कातळ. त्याच्या कडेने सगळ्यांची काजूची कलमं. माती वाहून गेली आणि कातळाचे दात वर आले. जयरामच्या गाडीचं पोट घासू लागलं, एकदा तर ऑइलचं चेंबर फुटून सगळं तेल तिथेच सांडलं. बाकीच्या गाडीवाल्यांनी सड्याचं नावच टाकलं, त्यामुळे काजूवाले याच्या एकट्याच्या मागे लागले.

गुरुप्रसादकडे मोठी चार चाकं पडून होती. रुंद डिस्क, वर खोल नक्षीचे जाडजूड टायर. कोणा हौशी माणसाने घातली आणि हौस फिटल्यावर काढून टाकली. जयराम पंक्चरच्या निमित्ताने यायचा आणि त्या चाकांवरून हात फिरवायचा. मुलगी बघायला आलेल्याने आधी घराच्या खांबांचं कौतुक करावं, तसा तो सगळं विचारायचा, फक्त चाकं देतोस का, एवढं सोडून. शेवटी गुरुप्रसादच म्हणाला, "काका, घालूया काय एकदाची?"

मला हे पसंत नव्हतं, आणि पसंत नसलेली गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही. मी म्हटलं, "गाडयेक वाढत्या अंगाचे कपडे घालतंस काय रे?" पण ऐकतो कोण.

चाकं बदलणं म्हणजे बोल्ट सोडायचे आणि आवळायचे, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. चाक बसलं, पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की ते मडगार्डला घासे. गुरुप्रसादने मडगार्डची कड कापली. तरी खड्ड्यात घासेच. मग त्याने स्प्रिंगच्या पाट्यांवर लोखंडी ठोकळे बसवून गाडीच उचलून घेतली. एवढं झाल्यावर गाडी जवळजवळ वीतभर वर गेली. जयराम तिच्याभोवती फिरला, खाली वाकून पोटाखालून पलीकडचा रस्ता बघितला आणि उभा राहून हसला. त्याला असं हसताना मी अक्षयाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आता गाडीला नवं काही लावलं आणि देवाला गाऱ्हाणं घातलं नाही, असं आमच्याकडे होत नाही. देवळातले दाजी आले. नारळ हातात घेऊन त्यांनी सूर लावला, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान गाडयेक नवी चार चाकां घातली आसत. तेच्या चारय चाकांची राखण कर, वाटेत काय आडवां येता आसात तर ता बाजूक कर रे म्हाराजा." जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. नारळ फुटला. दाजी म्हणाले, "आता लक्ष्मीन पयलो पाय ठेवक व्हयो."

लक्ष्मी म्हणजे विमलावहिनी. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तिने दार उघडलं, दांडी धरली, पाय उचलला. पाय पोचेना. लुगडं जरा वर धरून पुन्हा उचलला. चवडा दाराच्या कडेला टेकला आणि घसरला. रिक्षावाला धोंडू, ज्याची जीभ त्याच्या रिक्षापेक्षा जोरात धावते, म्हणाला, "जयराम, वयनीक शिडी घेवन दी." सगळे हसले. जयरामही हसला. तो आधीपासून हसतच होता, चाकांच्या आनंदात, त्यात हे हसू मिसळून गेलं. वहिनीने दांडी सोडली. "माजां दळप गिरणीत ऱ्हवला," असं म्हणून ती निघाली. त्या दिवशी गिरण बंद होती. ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मग गुरुप्रसादच्या छोट्या मुलीला, गौरजाला, उचलून आत बसवली आणि लक्ष्मीचं काम भागवलं.

त्यानंतर वहिनी गाडीत बसली नाही.

कधी बचत गटाची बैठक, कधी आमसुलं वाळत घातलेली, कधी अक्षयाचा फोन यायचा म्हणे. जयराम एकटाच दिसू लागला. सड्यावर त्याची गाडी राजासारखी जायची, काजूवाले खूश. पण सपाटीवर वेगळंच. चाक मोठं झालं तसा वेगाचा काटा खोटं बोलू लागला, काटा चाळिसावर आणि गाडी त्याच्या पुढे. भरला माल घेऊन चढताना तिला धाप लागे. जयराम या सगळ्याशी जुळवून घेत होता. शेजारच्या रिकाम्या सीटशी मात्र त्याला जुळवता येईना. तिथे त्याने कोणाला बसू दिलं नाही, पिशवीसुद्धा ठेवली नाही.

एक दिवस दुकानात येऊन बसला. बराच वेळ बरण्या बघितल्या आणि म्हणाला, "आबा, बायलमाणसां टायरार कित्याक रुसतत?"

"तुका कोणी सांगल्यान, टायरार रुसली म्हणान?"

"मी तिका न इचारता घातलंय ना. तेचो राग. काल बांगडे हाडलंय. कालवण केल्यान, वाढल्यान, पण गाडयेत नाय बसणा."

मला अंदाज होता. पण रुक्मिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, मला आधीच दटावलं होतं, "तिचा दुखणा तिकाच सांगांदेत. तुमी डाळ-तांदूळ इका." वहिनीने तिला काहीतरी सांगितलं असणार. रुक्मिणीच्या पोटात गेलेली गोष्ट माझ्यासारखी ओठावर येत नाही, आणि तिने दटावल्यावर मीही तोंड उघडत नाही. मी जयरामला लिमलेटची गोळी दिली.

मग सड्यावरचा प्रकार झाला. जयराम काजूच्या गोणी भरत होता. गाडी चढणीवर. लावणार कोण नाही, म्हणून गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून तो स्वतःच उतरला आणि चिऱ्याचा तोच तुकडा मागच्या चाकाला लावून आला. तुकडा जुन्या चाकाच्या मापाचा. गोणी चढत गेल्या तशी गाडी कुरकुरली आणि ते मोठं चाक तुकड्यावर सहज चढून पलीकडे उतरलं. गाडी मागे घरंगळत एका काजूला जाऊन टेकली. कोणाला लागलं नाही. जयरामने चढवलेल्या गोणी परत खाली उतरवल्या. नंतर मला म्हणाला, "ती आसती तर थाप मारल्यानच नसती. तिका कळला असता, दगड बारको म्हणान."

दुसऱ्या दिवशी त्याने बांधकामावरून एक चिरा आणला, करवतीने मधोमध कापला आणि अर्धा चिरा गाडीत मागे टाकला. एका हाताने उचलणार नाही असं धूड. जुना तुकडा त्याने फेकला नाही. तो परत वहिनीच्या सीटखाली गेला.

पावसाच्या तोंडावर गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आलं. ते ओरोसला करावं लागतं, आणि तिथे गाडी मूळच्या मापाच्या चाकांवरच उभी करावी लागते. गुरुप्रसाद म्हणाला, "काका, एक दिवसाचो प्रश्न. आज जुनी घालतंय, संध्याकाळी इलास की परत मोठी." त्याने ठोकळे काढले, जुनी चाकं चढवली. गाडी पुन्हा खाली आली. मोठी चाकं त्याच्या दाराशी रचून ठेवली.

जयराम कागद घ्यायला घरी गेला. कागद घेऊन बाहेर येतो तर वहिनी गाडीत बसलेली. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी, नजर सरळ समोर.

"तू खंय?"

"ओरोसाक. माका काम आसा."

कसलं काम, हे त्याने विचारलं नाही. राग गेला एवढंच त्याने धरलं आणि गाडी सुरू केली. वाटेत एका चढणीवर पाणी घालायला थांबला. सवयीने त्याचा पाय ब्रेकवर राहिला. वहिनी उतरली, तुकडा लावला, दारावर दोन थापा पडल्या. त्या थापा ऐकून आपल्याला रडू येईल की काय असं वाटलं, हे त्याने मला स्वतः सांगितलं. जयरामने असं काही बोलून दाखवणं म्हणजे आमच्या तिठ्यावर आगबोट लागण्यासारखं आहे.

पासिंग व्यवस्थित झालं. साहेबांनी वाकून चाकं बघितली, दिवे बघितले, "ठीक आहे, घेऊन जा," म्हणाले. मग दोघं चहा प्यायला समोरच्या हॉटेलात गेली. हॉटेलला चिऱ्याच्या तीनच पायऱ्या. वहिनी पुढे, हा मागे. तिने भिंतीला हात टेकला, एक पाय वर ठेवला, दुसरा ओढून त्याच्या शेजारी आणला, थांबली. मग पुढची पायरी. जयराम खालीच उभा राहिला. इतकी वर्षं गाडीत तो तिला बाजूने बघत आला होता. ती चढायची तेव्हा हा स्टेअरिंगवर. तिला पायरी चढताना मागून त्याने त्या दिवशी पाहिलं.

चहा आला तेव्हा त्याने विचारलं, "गुडघो दुखता?"

"दुखता."

"कदीपासून?"

"गेल्या लावणीपासून."

"माका सांगलंस नाय."

"सांगूचा होता. चाकां घातलास त्याच दिवशी सांगूचा होता. मगे धोंडू शिडयेचा बोललो आणि तुमी हसलास."

"मी हसलंय?" त्याला खरंच आठवेना.

"हसलास. धोंडूचो राग माका इलो नाय, तेचा तोंडच तसला. तुमचो इलो." चहाच्या कपात बघत ती म्हणाली, "गाडी वर गेली, आणि मी खालीच ऱ्हवलंय."

जयरामने चहा घेतला नाही.

संध्याकाळी गाडी गुरुप्रसादच्या अंगणात आली तेव्हा मी वजनकाटा सोडून बाहेर येऊन उभा होतो. गुरुप्रसाद जॅक घेऊन तयार. जयराम उतरून म्हणाला, "ती चाकां ऱ्हवांदेत. कोणाक व्हयी तर देवन टाक." गुरुप्रसादच्या हातातला जॅक तसाच राहिला. चाकांकडे न बघता जयराम हे बोलला, म्हणजे ती सोडताना त्याला किती जड गेलं असेल.

वहिनी आतूनच म्हणाली, "देवन टाकू नको रे. सड्यावरची बी काय लोकांनी डोक्यार हाडूची? घाल ती."

"आणि तुजा काय?" जयराम म्हणाला.

"माजां मी बघतंय."

"तू बघतंस म्हणानच ह्या झाला," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने तो तिठ्यावर कधी बोलला नव्हता. तिने त्याच्याकडे बघितलं आणि उतरली.

चाकं परत चढेपर्यंत वहिनी माझ्या दुकानाच्या बाकावर बसली. रुक्मिणीने आतून कोकम सरबत आणलं. दोघी बायका एकमेकींना काही बोलल्या नाहीत, त्यावरून मी ओळखलं की आधीच सगळं बोलून झालेलं आहे. गाडी पुन्हा वीतभर वर गेली. रिक्षा लावून धोंडू मजा बघायला आलेलाच होता.

जयराम मागे गेला. फाळका उघडला आणि तो अर्धा चिरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला. वहिनीच्या दाराखाली ठेवला. त्यावर आधी स्वतः उभा राहिला, इकडून तिकडे भार दिला. जरासा डुगडुगला. उतरून त्याने खाली करवंटीचा तुकडा सारला, पुन्हा उभा राहून बघितलं. मग वहिनीला म्हणाला, "ये."

धोंडूने तोंड उघडलं होतं. जयराम त्याला म्हणाला, "धोंडू, दार धर." धोंडूने मुकाट्याने दार धरलं. वहिनी आली, चिऱ्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, दांडी धरून वर गेली आणि आपल्या जागेवर बसली. क्षणभराने दारावर आतून दोन थापा पडल्या. जयरामने चिरा उचलला, मागे ठेवला आणि जाऊन स्टेअरिंगवर बसला.

यात एक अडचण होती, ती चढणीवर कळली. चढणीवर गाडी थांबली तर दगड चाकाला लागल्याशिवाय जयरामने ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. दगड लावणार वहिनी. पण जयराम उतरून चिरा ठेवत नाही तोवर वहिनी उतरणार कशी? मी पुष्कळ डोकं खाजवलं. लाकडी फळी, लोखंडी पायरी, नाना उपाय सुचवले. गुरुप्रसाद पायरी जोडून द्यायला तयारही होता. जयराम म्हणाला, "बघूया," आणि त्याने ते कधीच बघितलं नाही. त्याने आपला मार्ग काढला होता. आता तो चढणीवर गाडी थांबवतच नाही. सपाटी मिळेपर्यंत पुढे जातो आणि पेट्या खांद्यावरून मागे आणून पोचवतो. चढणीवरच्या घरांची कुरकुर चालू असते, आणि त्यात मी पहिला. माझं दुकान नेमकं चढणीवर.

तेलाचे डबे घेऊन तो येतो, मी हाक मारतो, तो हात दाखवून पुढे निघून जातो. देवळाकडच्या सपाटीवर गाडी उभी करतो, खाली उतरतो, अर्धा चिरा काढून तिच्या दाराशी ठेवतो, आणि आधी स्वतः त्यावर उभा राहून बघतो.